स्कूबा रेग्युलेटर

सिलिंडरमधली दाबाखालची हवा पाणबुड्याला श्वास घेता येईल अशा दाबावर आणून देणारे उपकरण. भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाब असतो (१ बार म्हणजे जवळपास समुद्रसपाटीवरच्या हवेचा दाब). फुप्फुसांना मात्र भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकीच हवा झेपते. सिलिंडरच्या तोंडावर बसणारी फर्स्ट स्टेज हा दाब भोवतालच्या दाबाहून ९-१० बार जास्त, इथपर्यंत उतरवते. पुढचे काम तोंडात धरायच्या सेकंड स्टेजचे. श्वास ओढला की तिच्यातला सिलिकॉनचा पडदा आत खेचला जातो, त्याखालची तरफ दबते आणि झडप उघडते. ओढणे थांबले की झडप मिटते. मागणीनुसार हवा देण्याची ही युक्ती १८६०च्या दशकात फ्रान्समध्ये रुकेरोल आणि दनेरूझ यांनी वापरात आणली. आजच्या रेग्युलेटरचा वंश सुरू होतो तो कुस्तो आणि गान्यां यांच्या १९४३च्या ॲक्वालंग या पाण्याखालच्या श्वसनयंत्रापासून.

दुकानात रेग्युलेटर पारखतात तो झडप किती ओढीला उघडते यावर. चांगल्या सेकंड स्टेजला पाण्याच्या अडीच-तीन सेंटिमीटर उंचीइतकी ओढ पुरते. या आकड्याला गिऱ्हाईक नको तितके महत्त्व देते. पाण्यात उभे राहिल्यावर तोंडातला पडदा छातीच्या मध्यापेक्षा वीसेक सेंटिमीटर वर असतो, म्हणजे फुप्फुसांवर पडद्यापेक्षा तेवढ्या पाण्याचा जास्त दाब येतो आणि तोच रेग्युलेटर जड ओढू लागतो. पोहण्याच्या आडव्या स्थितीत हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. डोके खाली केले तर उलट घडते: हवा न मागताही थोडी आत ढकलल्यासारखी येते. उताणे झाल्यावर श्वास जड तर होतोच, शिवाय उच्छ्वासाची झडप वरच्या बाजूला गेल्याने तोंडात दोन-चार थेंब खारे पाणी येते. नवख्याला वाटते, रेग्युलेटर बिघडला.

श्वास सोडण्याचे श्रम तर बहुतेकांच्या हिशेबातच नसतात, आणि थकवा पुष्कळदा तिथूनच येतो. ईएन २५० या युरोपीय मानकात दोन्ही बाजू मोजतात: ५० मीटर खोलीच्या दाबाला, मिनिटाला ६२.५ लिटर श्वसन चालू असताना, लिटरमागे ३ ज्यूलपेक्षा जास्त काम पडता कामा नये. खोलीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. ३० मीटरवर दाब ४ बार, हवा चौपट दाट. साधा रेग्युलेटर तिथे बारीक नळीतून फालुदा ओढावा तसा वाटतो. त्यात जोरात पाय मारले की कार्बन डायऑक्साइड साचतो आणि हवा पुरत नसल्याची भीती दाटते. अशा वेळी थांबून, पूर्ण श्वास सोडून मगच पुढचा घ्यायचा असतो. ‘बॅलन्स्ड’ फर्स्ट स्टेज सिलिंडर रिकामा होत आला तरी हवेची ओढ सारखी राखते. साध्या पिस्टनवर चालणाऱ्या फर्स्ट स्टेजची ओढ शेवटच्या ५० बारांत जड होत जाते.

मुंबईत यातले फारसे काही कळायला वाव नाही. खाड्यांचा गाळ, सांडपाणी आणि भरती-ओहोटीचा चार-पाच मीटरांचा फरक यांमुळे इथले पाणी गढूळ असते, म्हणून हौशी मंडळी पहिले धडे पोहण्याच्या तलावात घेतात आणि मग मालवण-तारकर्ली, गोवा किंवा कर्नाटकातले नेत्राणी बेट गाठतात. तीन मीटरच्या तलावात कुठलाही रेग्युलेटर गुळगुळीतच चालतो. तारकर्लीच्या उथळ पाण्यातही महागड्या मॉडेलचा फरक क्वचितच जाणवेल. तो पैसा सर्व्हिसिंगवर जास्त कारणी लागतो. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवरच्या मुंबई हाय या तेलक्षेत्रात पोटासाठी बुडी मारणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांना हवा किंवा हेलियममिश्रित वायू वरून नळीवाटे हेल्मेटमध्ये येतो, पण हेल्मेटच्या तोंडाशी बहुधा याच तत्त्वाची झडप असते. हेलियम हलका असल्याने खोलवरही श्वास हवेइतका जड होत नाही.

बुडीआधीची एक तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. दाबमापकाच्या काट्यावर नजर ठेवून दोन-तीन दमदार श्वास घ्यावेत. काटा दर श्वासाला खाली झुकून परत येत असेल तर सिलिंडरची चावी पूर्ण उघडलेली नाही. चावी बंद करून, नळीत उरलेली हवा संपल्यावरही ओढले असता हवा आली, तर पडदा फाटलेला किंवा उच्छ्वासाची झडप दुमडलेली असण्याचा संभव असतो. सेकंड स्टेज हळूहळू फुसफुसत राहिली तर दोष पुष्कळदा फर्स्ट स्टेजच्या झिजलेल्या सीटमध्ये, म्हणजे झडप टेकते त्या बैठकीत असतो, कारण दोन स्टेजमधल्या नळीतला दाब तिथून चढत जातो.

मुंबईच्या दमट हवेत क्रोमचा मुलामा उडालेल्या पितळेवर हिरवा कळंक लवकर धरतो. समुद्रातून आल्यावर रेग्युलेटर गोड्या पाण्यात भिजत ठेवावा, फर्स्ट स्टेजचे टोपण घट्ट लावून. तो सिलिंडरला जोडलेला नसताना पाण्यात सेकंड स्टेजवरचे पर्जचे (हवा सोडायचे) बटण दाबायचे नाही. झडप उघडून खारवट पाणी नळीत आणि तिथून फर्स्ट स्टेजपर्यंत शिरते. वाळवायचा तो सावलीत, नळ्यांना घडी न पाडता.