गेम विकत घेण्याआधी खेळून बघा

नारायण पेठेतल्या आमच्या दुकानात गेमच्या जुन्या डिस्क विकायला येतात, त्यांत काही अगदी नव्याकोऱ्या असतात. एक ओरखडा नाही, खोक्यातला कागदही हललेला नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं: "दोन दिवस खेळलो, नाही जमलं." नवा मोठा गेम आज पाच हजारांच्या आसपास जातो आणि जुना म्हणून विकताना त्यातले बरेच पैसे बुडतात. त्या व्यवहारात आमचा फायदाच असतो, तरी तो होऊ नये असं आम्हाला मनापासून वाटतं. गेम आधी खेळून बघता येतो. कुठला गेम कशा रीतीने बघायचा, एवढं माहीत असलं की झालं.

डेमो आणि ट्रायल

डेमो म्हणजे विकत घेण्याआधी खेळून बघायला दिलेला गेमचा तुकडा. ही पद्धत जुनी आहे. १९९३ साली 'डूम' हा गेम आला तेव्हा त्याचा पहिला भाग फुकट वाटला गेला. आवडला तर पुढचे भाग पैसे देऊन मागवायचे. आपल्याकडे संगणकाच्या मासिकांबरोबर सीडी यायची आणि तिच्यात डेमो असायचे. एकाच डेमोवर मे महिन्याची आख्खी सुट्टी काढलेली मुलं आज आमच्याकडे स्वतःच्या मुलांना घेऊन येतात.

आता डेमो थेट कन्सोलवर, म्हणजे गेम खेळायच्या यंत्रावर, किंवा संगणकावर उतरवता येतात. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निन्टेन्डो आणि संगणकासाठीचं स्टीम, सगळ्यांच्या स्टोअरमध्ये ते मिळतात, मात्र प्रत्येक गेमचा डेमो असतोच असं नाही. उतरवण्याआधी एक गोष्ट बघा: डेमोतली सेव्ह, म्हणजे कुठवर खेळलात त्याची नोंद, पुढे चालते का? 'फायनल फँटसी १६'च्या डेमोत सुरुवातीचा भाग होता आणि गेम घेतल्यावर तिथूनच पुढे जाता यायचं. सगळ्यांचं तसं नसतं. शिवाय डेमोत काय दाखवायचं हे बनवणारे ठरवतात, त्यामुळे दिसतो तो बहुतेक वेळा गेमचा सगळ्यात चांगला तुकडा. डेमो आवडला म्हणजे तीस तासांचा गेम आवडेलच, असं धरून चालू नका.

संगणकावर खेळणाऱ्यांसाठी स्टीमचा परताव्याचा नियम सगळ्यात सोयीचा आहे. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. पण गेम चालू करून सेटिंग बदलत बसलात, तरी तो वेळ त्या दोन तासांतच धरला जातो. प्लेस्टेशन स्टोअरवर अशी सवलत नाही; तिथे डाउनलोड सुरू केलं की साधारणपणे पैसे परत मिळत नाहीत. प्लेस्टेशन प्लसच्या डीलक्स वर्गणीत काही गेमची ठरावीक तासांची ट्रायल असते. ईए या गेम बनवणाऱ्या कंपनीच्या 'ईए प्ले' वर्गणीत त्यांच्या काही नव्या गेमसाठी १० तासांपर्यंत खेळायला मिळतं. फुटबॉलचा यंदाचा गेम गेल्या वर्षीपेक्षा खरंच वेगळा आहे का, हे कळायला तेवढे तास पुरतात.

भाड्याने डिस्क

आमच्याकडे तीन दिवसांचं भाडं २५० रुपये आणि आठवड्याचं ४५० रुपये. डिपॉझिट वेगळं, ते डिस्क परत करताना लगेच मिळतं. सात दिवसांच्या आत तोच गेम आमच्याकडून विकत घेतलात, तर भाडं किमतीतून वजा करतो. डिस्क परत केली तरी तुमची सेव्ह तुमच्या कन्सोलवरच राहते, त्यामुळे पुढे विकत घेतल्यावर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. फक्त सेव्ह तेवढी पुसू नका.

शक्यतो शुक्रवारी संध्याकाळी डिस्क न्या. डिस्क आहे म्हणजे घातली की लगेच खेळता येतं, असं आता राहिलेलं नाही. इन्स्टॉल करावं लागतं, आणि वर अपडेट. साठ जीबी उतरवायचे असतील आणि घरचं इंटरनेट ४० एमबीपीएसचं असेल, तर सगळं सुरळीत चालूनही तीन-साडेतीन तास जातात. रात्री लावून ठेवा, सकाळी खेळा. गुरुवारी तुमच्या भागात देखभालीसाठी वीज बंद असेल तर फोन करून कळवा, तो दिवस आम्ही भाड्यात धरत नाही.

आठ-दहा तासांत संपणारा गोष्टीचा गेम असेल तर आम्ही सरळ सांगतो, भाड्यानेच न्या. शंभर तासांचा गेम आठवड्यात संपवायच्या नादी लागू नका. तो फक्त पारखायला न्या आणि मन रमलं तर विकत घ्या. ऑनलाइन खेळायच्या गेमसाठी भाडं फारसं कामाचं नाही, कारण प्लेस्टेशनवर त्यासाठी बहुधा प्लसची वर्गणीही लागते. संगणकाचे गेम आम्ही भाड्याने देत नाही, त्यांचा कोड (की) एकदा एका खात्याला जोडला की दुसऱ्याला चालत नाही.

पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला, २०२० साली आलेला 'राजी' खूप जण मागतात. तो एका रविवारात संपतो, म्हणजे आमच्याच हिशोबाने भाड्याचा. तरीही तो विकत घ्या असंच आम्ही सांगतो. आपल्या गावातल्या मुलांनी राजस्थानी वाडे आणि आपल्या पुराणांतले देव घेऊन एवढ्या निगुतीने गेम बनवलाय, त्याचे पैसे त्यांच्यापर्यंत पोचायला हवेत.

नेण्याआधी

तुमच्या कन्सोलला डिस्क घालायची जागा आहे ना, हे आधी बघा. कोथरूडचे एक आजोबा नातवाच्या वाढदिवसाला दुसरीकडून डिस्क घेऊन गेले. घरी पीएस ५ (प्लेस्टेशन ५) होता, पण डिजिटल एडिशन, म्हणजे डिस्कची जागा नसलेला. सील फोडलेलं, त्यामुळे डिस्क परत घेतली गेली नाही. एक्सबॉक्स सीरिज एसलाही ड्राइव्ह नसतो. पीएस ४ ची डिस्क ड्राइव्ह असलेल्या पीएस ५ वर चालते. पीएस ५ ची पीएस ४ वर चालत नाही.

खोक्यावर पेगीचा, म्हणजे गेमसाठी वय ठरवून देणाऱ्या युरोपातल्या पद्धतीचा, आकडा असतो: ३, ७, १२, १६ किंवा १८. तो वयाचा आहे, अवघडपणाचा नाही. १८ लिहिलेली डिस्क आम्ही मुलांच्या हातात देत नाही, आई-बाबांनी चिठ्ठी दिली तरी नाही. त्यांनी स्वतः यावं.

काहींना पात्राच्या डोळ्यांतून दिसणारे गेम खेळताना गरगरतं, मळमळतं. ट्रेलर बघून हे कळत नाही. दुकानात मागच्या बाजूला टीव्ही आणि दोन कंट्रोलर ठेवलेत. अर्धा तास बसून खेळा, त्याचे पैसे नाहीत. शनिवार-रविवारी गर्दी असते, म्हणून येण्याआधी फोन करा. चष्मा असेल तर आठवणीने आणा. सबटायटलची अक्षरं काही गेममध्ये फारच बारीक असतात, आणि ती घरच्या सोफ्यावरून वाचता येतील का, याचा अंदाज इथेच येतो.