काचेपलीकडचा मित्र : नागपूरच्या कॉलेज रेडिओची पार्श्वभूमी

नागपुरात आज पन्नाशीला आलेल्या एखाद्या निवेदकाला, बातम्या वाचणाऱ्या बाईंना किंवा नुसत्या आवाजावर वर्ग ताब्यात ठेवणाऱ्या प्राध्यापकांना विचारा, पहिला माइक कुठे मिळाला? स्नेहसंमेलन आणि वक्तृत्व स्पर्धा सोडल्या तर उत्तर बहुधा सिव्हिल लाइन्सचं येतं, आकाशवाणीच्या आवाराचं. कॉलेजच्या स्वतःच्या रेडिओचं नाव निघत नाही, कारण तो नव्हताच. हौशी पोरं होती, विषय होते, आवाजही होते. कायद्याची परवानगी नव्हती. म्हणून कॉलेज रेडिओने माणसं कशी घडवली हे नागपूरपुरतं सांगायचं तर गोष्ट आधी सरकारी स्टुडिओत जाते आणि फार उशिरा कॉलेजच्या आवारात येते.

अमेरिकेत हे उलट्या क्रमाने झालं. १९३६ साली ब्राउन विद्यापीठातल्या जॉर्ज अब्राहम आणि डेव्हिड बोर्स्ट या दोन विद्यार्थ्यांनी वसतिगृहांना तारांनी जोडून स्वतःचं प्रसारण सुरू केलं. १९४० मध्ये त्यांच्याच पुढाकारातून अशा कॉलेज केंद्रांची संघटना उभी राहिली. १९४८ पासून तिथल्या सरकारने शिक्षणसंस्थांना अवघ्या १० वॉटच्या एफएम केंद्रांची मुभा दिली. दहा वॉटमध्ये कॉलेज आणि आजूबाजूच्या चार वस्त्या एवढंच ऐकू जातं. पण १९८० च्या दशकात व्यावसायिक केंद्रं ज्यांच्याकडे बघतही नव्हती अशा नवख्या बँड्सना याच केंद्रांनी श्रोते मिळवून दिले. आर.ई.एम. हा त्यातला सर्वांत गाजलेला. काय वाजवायचं हे विद्यार्थीच ठरवत होते, हे त्यामागचं खरं कारण.

आपल्याकडे १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा असे दोन कायदे होते. पहिल्याने लहरींवर सरकारची मक्तेदारी ठेवली आणि दुसऱ्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा ठरवलं. त्या काळातही भारतात तरुणांनी रेडिओ चालवलाच. २७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईतून ४२.३४ मीटरवर ‘काँग्रेस रेडिओ’ ऐकू आला. उषा मेहता तेव्हा २२ वर्षांच्या होत्या, कायद्याचं शिक्षण सोडून त्या ‘चले जाव’ चळवळीत उतरल्या होत्या. सोबत त्यांच्याच वयाचे मित्र. पोलिसांना माग लागू नये म्हणून प्रक्षेपक या घरातून त्या घरात हलवायचा, रात्री प्रसारण करायचं, असं १२ नोव्हेंबरच्या अटकेपर्यंत चाललं.

विदर्भाने ही गोष्ट विसरू नये, याला एक खास कारण आहे. १६ ऑगस्ट १९४२ ला आष्टी आणि चिमूरला उठाव आणि गोळीबार होऊन जे घडलं आणि त्यानंतर चिमुरात बायाबापड्यांवर जे अत्याचार झाले, ते छापायची वर्तमानपत्रांना सोय नव्हती. ती हकिकत देशाला सांगणाऱ्यांत हा रेडिओ होता. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. पुढे त्या मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवत राहिल्या आणि म्हातारपणीही ते दिवस आयुष्यातले सर्वोत्तम म्हणून सांगत. त्याच दिवसांना त्या सर्वांत दुःखाचेही म्हणत, कारण पोलिसांना ठावठिकाणा सांगणारा तंत्रज्ञ त्यांच्या ओळखीतलाच होता. काँग्रेस रेडिओला कोणी कॉलेज रेडिओ म्हणत नाही. पण स्वतःच मजकूर लिहायचा, स्वतःच बोलायचा, यंत्रावर मित्र बसलेला आणि सगळ्यांचं एकमेकांवर अवलंबून असणं, हा सगळा गाभा तिथे आहे. मला तरी आपल्या विद्यार्थी रेडिओची सुरुवात तिथूनच मोजावीशी वाटते.

स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, तार कायदा राहिला. १९४८ मध्ये आकाशवाणीचं नागपूर केंद्र सुरू झालं. शहर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं, आणि मराठी-हिंदी दोन्ही भाषा या केंद्राच्या अंगवळणी पडल्या. तरुणांसाठी दार उघडलं ते ‘युववाणी’मुळे. १९६९ मध्ये दिल्लीत सुरू झालेला हा कार्यक्रम हळूहळू केंद्राकेंद्रांवर गेला आणि नागपुरातही रुजला. तरुणांनी तरुणांसाठी बोलायचं, ही कल्पनाच तेव्हा नवी होती.

युववाणीत काय व्हायचं हे आज वीस वर्षांच्या मुलाला सांगितलं तर त्याला ते कुठल्या तरी जुन्या कारखान्याचं वर्णन वाटेल. आधी आवाजाची चाचणी. ती पास झालात की टपालाने कॉन्ट्रॅक्ट येणार, त्यावर तारीख, वेळ, विषय आणि मानधनाचा आकडा. बोलायचं ते सगळं आधी लिहून न्यायचं. कागद असा धरायचा की पान उलटल्याचा आवाज माइकमध्ये जाऊ नये. ध्वनिमुद्रण पाव इंची टेपच्या स्पूलवर. चूक झाली तर ती जागा रिळावर हाताने मागेपुढे करून शोधायची, पेन्सिलने खूण करायची, ब्लेडने टेप तिरकी कापायची आणि चिकटपट्टीने जोडायची. एक ‘अं’ काढायला काही मिनिटं जायची. ज्याने स्वतःचे असे दहा ‘अं’ कापले जाताना पाहिले, तो अकराव्यांदा बोलण्याआधी विचार करायचा. भाषेची ही शिस्त व्याकरणाच्या तासाला कधी लागली नाही.

५८५ किलोहर्ट्झच्या मिडियम वेव्हवर हा आवाज शहराच्या कितीतरी बाहेर, खेड्यापाड्यांत जायचा. तिथून पोस्टकार्डं यायची, कधी चूक दाखवणारी, कधी नुसतंच नाव वाचून दाखवा म्हणणारी. धरमपेठेत वाढलेल्या मुलीला आपला श्रोता कोण आहे हे त्या कार्डांनी शिकवलं. ती पुढे शिक्षिका झाली काय किंवा बँकेत गेली काय, समोर न दिसणाऱ्या माणसाशी बोलायची सवय तिच्यासोबत गेली.

पण युववाणी म्हणजे विद्यार्थ्यांनी चालवलेला रेडिओ नव्हे. विषय कार्यक्रम अधिकारी ठरवत, वेळ केंद्र ठरवे, आणि बोली घरी ठेवून यावं लागे. मित्राशी ‘काऊन बे’ (का रे) करणारा मुलगा लाल दिवा लागला की एकदम पुणेरी होऊन जायचा. उच्चार सुधारले हे खरं, पण आपण जसे बोलतो तसं रेडिओवर बोलायचं नसतं, हेही त्याच्या मनात बसलं.

कुलूप निघालं ते न्यायालयातून. ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून सुरू झालेला हा खटला, आणि तो निकाल देणाऱ्या पीठावर न्या. पी. बी. सावंत होते. तरी शिक्षणसंस्थांना केंद्र काढू देणारं धोरण यायला डिसेंबर २००२ उजाडलं. १ फेब्रुवारी २००४ ला चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र देशातलं पहिलं कॅम्पस रेडिओ केंद्र म्हणून सुरू झालं. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ १०७.४ वर आली, मुंबई विद्यापीठाचा ‘मस्ट रेडिओ’ १०७.८ वर. २००६ मध्ये धोरण आणखी रुंदावलं आणि स्वयंसेवी संस्था, कृषी विद्यापीठं यांनाही परवानगी मिळू लागली.

या केंद्रांना प्रसारणाची ताकद १०० वॉटपर्यंतच. टोलेजंग इमारती आड आल्या नाहीत तर दहा-बारा किलोमीटर. याच नागपूरजवळ १९८८ मध्ये आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाहिनीसाठी १००० किलोवॉटचा प्रक्षेपक उभा राहिला होता, म्हणजे दहा लाख वॉट. रात्री देशभर ऐकू जावं म्हणून देशाच्या मध्यावरचं शहर निवडलं गेलं. कॉलेजच्या केंद्राचा जीव त्यापुढे एवढासा. पण राष्ट्रीय वाहिनीवर कोणाला बी.ए.च्या निकालाबद्दल, हॉस्टेलच्या पाण्याबद्दल किंवा फुटाळा तलावावर संध्याकाळी काय चाललंय याबद्दल बोलता आलं नसतं. नियमच सांगतो की निम्मा तरी मजकूर स्थानिक हवा आणि शक्यतो स्थानिक भाषेत, बोलीत. ‘काऊन’ला अधिकृत जागा मिळाली ती इथे.

आता मैत्रीबद्दल. कॉलेजात नाटकाचा गट असतो, क्रिकेटचा संघ असतो, एनएसएसचं शिबिर असतं, मैत्र्या तिथेही होतात. रेडिओची मैत्री वेगळी का टिकते, याचं उत्तर मला स्टुडिओच्या रचनेत दिसतं. एका खोलीत माइक, दुसरीत यंत्र, मध्ये जाड काच. बोलणाऱ्याला पलीकडचं ऐकू येत नाही, म्हणून सगळं हातांनी चालतं. बोट रोखलं म्हणजे सुरू कर. हवेत गोल फिरवलं म्हणजे गुंडाळ. दोन्ही हात ताणले म्हणजे पुढचं गाणं अजून सापडलेलं नाही, जरा लांबव. समोरचा भुवई उडवतो ती आपण चुकलो म्हणून की पाहुणा मस्त बोलतोय म्हणून, हे महिन्याभरात कळायला लागतं. एखाद्या माणसाचा चेहरा रोज तासभर असा वाचायला कॉलेजात दुसरं कुठलंही काम लावत नाही.

त्यात भर घालते शांतता. थेट प्रसारणात तीन-चार सेकंद काहीच गेलं नाही तर श्रोत्याचा हात बटणाकडे जातो. ती शांतता कोणा एकाची चूक नसते. फाइल चुकीच्या नावाने ठेवणारा, ती न तपासणारा आणि बोलणं आधीच संपवणारा, असे तिघं मिळून ती घडवतात आणि तिघं मिळूनच निस्तरतात. पुन्हा पहाटेच्या प्रसारणाला कोणीतरी सहाला येऊन कुलूप उघडायलाच लागतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी आपली पाळी दुसऱ्याने घेतली, हे उपकार नागपूरची माणसं वीस वर्षांनी लग्नाच्या पंगतीतही काढतात.

कॉलेजमधले असे स्टुडिओ बहुतेक वेळा जुगाडाचे. एखादी जुनी प्रयोगशाळा, भिंतींना अंड्यांचे ट्रे किंवा गाद्या, दाराला दुहेरी पडदा. नागपूरच्या एप्रिलमध्ये पंखा बंद करून ध्वनिमुद्रण करावं लागतं, कारण माइक पंख्याची घरघर सोडत नाही. बाहेर पारा चव्वेचाळीसवर, आत चार जण घामाने निथळत, आणि लहान मुलांच्या गोष्टीचा भाग पाचव्यांदा पहिल्यापासून. ज्यांनी हे केलं त्यांना पुढे कुठल्या ऑफिसात ‘टीमवर्क’चं प्रशिक्षण द्यावं लागलं नाही.

नोकऱ्यांचं गणितही याच सुमारास बदललं. २००५ च्या धोरणानंतर खासगी एफएमचा दुसरा टप्पा आला आणि नागपुरातही खासगी केंद्रं सुरू झाली. त्यांना लगेच बोलू शकणारी, इथली हिंदी-मराठी मिसळण सहज येणारी पोरं हवी होती. आकाशवाणीवर हंगामी निवेदक व्हायचं तर चाचणी आणि मग ‘वाणी’ प्रमाणपत्राचं प्रशिक्षण, हा रस्ता आधीपासून होताच. पुढे जाहिरातींचे आवाज, डबिंग, बोलकी पुस्तकं, पॉडकास्ट असे फाटे फुटले. तरीही कॉलेज रेडिओवरचे बहुतेक जण रेडिओत जात नाहीत. ते वकील होतात, औषधं विकतात, हैदराबादला किंवा पुण्याला संगणकावर बसतात. मुलाखत घेताना समोरच्याला बोलू द्यायचं, वेळेच्या आत संपवायचं आणि ऐनवेळी काही बिघडलं तर आवाजात कंप येऊ द्यायचा नाही, एवढं घेऊन ते जातात. मोठा पगार मिळवणाऱ्या दोघांची नावं भिंतीवर लावणाऱ्या कॉलेजांनी या बाकीच्यांकडेही बघावं.

या रेडिओला दोन गोष्टी आजही खुपतात. पहिली बातम्यांची बंदी. कम्युनिटी केंद्राला (कॉलेजचं केंद्रही नियमांत यातच मोडतं) आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं पुन्हा लावता येतं, स्वतःची बातमी देता येत नाही. हवामान, वाहतूक, परीक्षा, वीज-पाण्याची माहिती चालते. पण शहरात शिकणाऱ्या, पत्रकारितेची पदवी घेणाऱ्या मुलांनी महापालिकेच्या सभेत काय झालं हे आपल्या शब्दांत सांगू नये, हे कुठल्या तर्काने, मला कळत नाही. आष्टी-चिमूरची बातमी लहरींवर आणणाऱ्या तरुणांच्या देशात तर नाहीच.

दुसरी गोष्ट परवान्याची. परवानगी संस्थेला मिळते, विद्यार्थ्यांना नाही. म्हणजे विद्यार्थ्यांचा रेडिओ खरंच विद्यार्थ्यांचा राहील की प्राचार्यांच्या भाषणांचा आणि प्रवेशाच्या जाहिरातींचा होईल, हे एखाद्या प्राध्यापकाच्या मनाच्या मोठेपणावर ठरतं. चांगले प्राध्यापक किल्ली पोरांच्या हातात देतात, चुका होऊ देतात आणि वरून फोन आला की स्वतः उत्तर देतात. अशा सरांची किंवा मॅडमची बदली झाली की केंद्र दोन वर्षांत गाणी वाजवणारं यंत्र होऊन जातं. मोबाइलवरचा पॉडकास्ट यातून सुटका वाटतो, आणि परवाना लागत नाही ही त्याची मोठी सोय आहेच. पण तो एकट्याने, हवा तेव्हा, खोलीत बसून करता येतो. काच नाही, पलीकडे कोणी नाही, सहाला कुलूप उघडायचं नाही.

फेब्रुवारी २०२४ च्या सुधारित नियमांत जाहिरातींचा वेळ तासाला ७ मिनिटांवरून १२ मिनिटं झाला आणि परवान्याची मुदत ५ वर्षांवरून १० वर्षं. पैशाची ओढाताण त्याने थोडी कमी होईल. प्रत्येक केंद्राला कार्यक्रम ठरवणारी एक समिती असते. नागपुरातल्या ज्या कॉलेजांना केंद्र काढायचं आहे किंवा असलेलं जिवंत ठेवायचं आहे, त्यांनी त्या समितीत निदान चार चालू विद्यार्थी आणि दोन माजी विद्यार्थी घ्यावेत, आणि ते दरवर्षी जूनमध्ये, पहिल्या वर्षाची मुलं आवारात यायच्या आत ठरवावं.