घरच्या खेळाडूंबाबतचा संयम, आइस हॉकीतील

व्यावसायिक आइस हॉकीत संघाने स्वतः निवडलेल्या तरुणाला तो पुरता तयार होईपर्यंत खालच्या लीगमध्ये खेळवत ठेवणे, आणि तोवर त्याला देऊन दुसऱ्या संघातील तयार खेळाडू घेण्याचा मोह टाळणे, असे घरच्या खेळाडूंबाबतच्या संयमाच्या या धोरणाचे स्वरूप आहे. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, नवोदितांची निवड दरवर्षी ड्राफ्टद्वारे, म्हणजे संघांनी क्रमाने एकेक खेळाडू निवडण्याच्या पद्धतीने, करते. बहुतेकांचे वय तेव्हा जेमतेम १८ असते व अंगात पुरेसे बळही आलेले नसते. बचावपटू आणि गोलरक्षक यांना तर आक्रमण फळीतील खेळाडूंपेक्षा सहसा अधिक काळ लागतो.

या धोरणाशी सर्वाधिक जोडले गेलेले नाव डेट्रॉइट रेड विंग्ज या संघाचे आहे. केन हॉलंड १९९७ ते २०१९ या काळात तेथे महाव्यवस्थापक होते. खेळाडू गरजेपेक्षा थोडा अधिकच पिकू द्यावा, असे त्यांचे धोरण सांगितले जाई. मराठीत त्याला ‘मुरवणे’ हा शब्द अधिक चपखल बसतो. १९९८ मध्ये १७१व्या क्रमांकावर निवडलेला पावेल दात्सुक २००१-०२ च्या हंगामात, तर १९९९ मध्ये २१०व्या क्रमांकावर निवडलेला हेन्रिक झेटरबर्ग २००२-०३ मध्ये संघात आला, आणि २००८ च्या स्टॅन्ली चषक, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, विजयाचे हे दोघे आधारस्तंभ ठरले. गोलरक्षक जिमी हॉवर्डची निवड २००३ ची. मुख्य गोलरक्षकाची जागा त्याला २००९-१० मध्ये मिळाली, आणि मधली अनेक वर्षे त्याने ग्रँड रॅपिड्स ग्रिफिन्स या दुय्यम संघात काढली. अर्थात या यशात नशिबाचाही वाटा मानला पाहिजे, कारण दात्सुकची योग्यता आधीच उमगली असती, तर डेट्रॉइटनेही त्याच्यासाठी १७१व्या क्रमांकापर्यंत वाट पाहिली नसती.

नियमही थांबण्याला काही अंशी साथ देतात. अठरा-एकोणीस वर्षांचा करारबद्ध खेळाडू हंगामात एनएचएलचे दहापेक्षा कमी सामने खेळला, तर त्याच्या पहिल्या कराराची मुदत वर्षभर पुढे सरकते. मात्र ठरावीक वर्षे वा सामने उलटल्यावर त्याला खाली धाडायचे झाल्यास इतर संघांना तो उचलण्याची संधी मिळते, त्यामुळे हा संयम अमर्याद राहू शकत नाही.

घाईचे मोल वॉशिंग्टन कॅपिटल्सने मोजले. २०१२ मध्ये ११व्या क्रमांकावर निवडलेला फिलिप फोर्सबर्ग संघासाठी एकही सामना खेळण्यापूर्वीच, एप्रिल २०१३ मध्ये, अनुभवी मार्टिन एराट आणि आणखी एका खेळाडूच्या बदल्यात नॅशव्हिलच्या संघाला देण्यात आला. पुढे तो नॅशव्हिलच्या इतिहासातील सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला.

टँपा बे लाइटनिंगने हाच संयम संपूर्ण संघाबाबत दाखवला. २०१८-१९ मध्ये ६२ सामने जिंकूनही तो संघ बादफेरीच्या पहिल्याच टप्प्यात कोलंबसच्या संघाकडून सामन्यांच्या मालिकेत ०-४ असा हरला. तरीही व्यवस्थापनाने ना प्रशिक्षक जॉन कूपर यांना हटवले, ना त्यांनी दुय्यम संघात असताना घडवलेल्या आँद्रेय पालात व टायलर जॉन्सन यांना सोडले. २०२० आणि २०२१ अशी सलग दोन वर्षे स्टॅन्ली चषक टँपाकडे आला.