बिअरने युरिक अ‍ॅसिड धुऊन निघत नाही, उलट साठतं

'बिअर घ्या, लघवी साफ होते, युरिक अ‍ॅसिड निघून जातं, सांधे मोकळे होतात.' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. लघवी वाढते हे खरं, पण जातं ते मुख्यतः पाणी. दारू पचताना रक्तात लॅक्टिक अ‍ॅसिड वाढतं आणि मूत्रपिंडं युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकण्याऐवजी परत ओढून घेतात. त्यात बिअरमध्ये प्युरिन्स नावाची द्रव्यं असतात. त्यांचंच पुढे युरिक अ‍ॅसिड होतं. म्हणून बिनदारूची बिअरही पूर्ण निर्धोक नाही. १०० मिलिलिटर रक्तात युरिक अ‍ॅसिडचं प्रमाण ६.८ मिलिग्रॅमच्या वर राहिलं की सुईसारखे स्फटिक जमू लागतात, बहुधा पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी. मग एखाद्या पहाटे अंगठा लालबुंद होतो, चादर लागलेलीही सोसत नाही. हाच गाऊटचा झटका.

रम-व्हिस्कीने दुखणं 'उतरतं' ते फक्त बधिरपण. त्यावर डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक घेतलं तर जठरातून रक्तस्रावाचा धोका. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल तर यकृतावर दुहेरी भार, म्हणून दारू घेत असाल तर ते डॉक्टरांपासून अजिबात लपवू नका.

ऐन झटक्यात युरिक अ‍ॅसिड नॉर्मल येऊ शकतं. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा. युरिक अ‍ॅसिड कमी करण्यासाठी आधीपासून चालू असलेलं अ‍ॅलोप्युरिनॉल झटका आला म्हणून मनानेच थांबवू नका.