‘क्यूट’चा गळालेला ‘अ’

तुळशीबागेत भातुकलीच्या पितळी भांड्यांपुढे उभं राहून माझी भाची एका दमात चारदा ‘क्यूट’ म्हणाली. बंब क्यूट, पाटा-वरवंटा क्यूट, पंपाचा स्टोव्हसुद्धा क्यूट. त्याच संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एक ज्ञानवर्धक मजकूर येऊन पडला : इंग्रजांचा ‘क्यूट’ म्हणजे आपला संस्कृत ‘कूट’, अभिमानाने पुढे पाठवा. खाली जोडलेल्या हातांची रांग.

आम्हा पुणेकरांना दाण्याचं कूट कितीही प्रिय असलं, तरी हे काही गळी उतरेना. संस्कृतात कूट म्हणजे शिखर, ढीग, कपट किंवा कोडं. यातलं गोंडस काय? बरं, अर्थ जाऊ द्या, उच्चार बघा. ‘लूट’ हा शब्द इंग्रजांनी खरोखरच आपल्याकडून नेला, लुटीबरोबरच नेला, आणि ते अजून त्याला ‘लूट’च म्हणतात, ‘ल्यूट’ नाही. मग ‘कूट’मध्ये ‘य’ कुठून घुसला? तो ‘य’ इंग्रजीत लॅटिनकडून आलेल्या शब्दांत भेटतो : क्यूब, ट्यूब, म्यूझिक. म्हणजे माग काढायचा तर त्या दिशेने.

आणि तो माग सरळ आहे. इंग्रजी कोशांत ‘क्यूट’ १७३१ साली दिसतो आणि त्याचा अर्थ तिथे चलाख, तल्लख असा आहे. सौंदर्याचा मागमूस नाही. शब्द ‘ॲक्यूट’चं आखूड रूप होता. पुष्कळदा तो पुढे एक स्वल्पविरामासारखी खूण टांगून लिहीत, इथलं अक्षर गळलंय हे सांगायला. ॲक्यूट आला लॅटिन ‘अकूतुस’वरून, म्हणजे धार लावलेला, टोकदार. ‘अकुस’ म्हणजे सुई. डॉक्टर ‘ॲक्यूट’ दुखणं म्हणतात ते हेच, आणि इंग्रजी माध्यमातली पोरं लघुकोनाला ‘ॲक्यूट अँगल’ म्हणतात तेही हेच.

टोकदारापासून हुशार हा प्रवास आपल्याला नवा नाही. कुशाग्र बुद्धी म्हणजे कुश गवताच्या पात्याच्या टोकासारखी. पुढची उडी अमेरिकेत पडली. १८३० च्या दशकात तिथे बोलीत चलाख माणसाचा ‘क्यूट’ छानशा, नीटस, लहानग्या वस्तूला लागू लागला. हीही उडी आपण आधीच मारलेली आहे. संस्कृत ‘तिज्’ धातूचा अर्थ धार लावणं. त्यातून तीक्ष्ण आला आणि तेजही आलं. चेहऱ्यावरचं तेज म्हणजे मुळात धारच. लावण्य तर थेट लवणातून, मिठातून आलेलं.

(बाळ, पिल्लू, बाहुली यांनाच क्यूट का म्हणावंसं वाटतं, हा प्रश्न वेगळा. कॉनराड लोरेंत्स या प्राणिवर्तनशास्त्रज्ञाने १९४३ साली त्याचं उत्तर मांडलं : मोठं डोकं, फुगीर कपाळ, मोठे डोळे, गुबगुबीत गाल दिसले की आपल्यातली सांभाळ करण्याची ऊर्मी जागी होते. पण त्यासाठी दुसरा लेख हवा.)

आता गंमत अशी की नातं आहे, फक्त व्हॉट्सॲपवाल्यांना ते सापडलं नाही. लॅटिनमधला ‘क’ ठरावीक जागी संस्कृतात ‘श’ होऊन भेटतो. शंभराला लॅटिन ‘केन्तुम’, संस्कृत ‘शतम्’. दहाला ‘देकेम’, ‘दश’. कुत्र्याला ‘कानिस’, ‘श्वन्’. त्याच हिशेबाने ‘अकुस’च्या ‘अक्’चा सख्खा भाऊ संस्कृतात ‘अश्’ असायला हवा, आणि तो आहे : ‘अश्रि’, म्हणजे धार, कड, कोपरा. चार कोपऱ्यांचं ते चतुरश्र. सवाई गंधर्वच्या मांडवात एखाद्याची गायकी ‘चतुरस्र’ आहे असं माना डोलावत म्हणतात, तो हाच शब्द. प्राकृतातून घासत घासत तो आपल्याकडे ‘चौरस’ झाला. तेव्हा क्यूट आणि चौरस हे चुलत-चुलत भाऊ. कोणी कोणाचा बाप नाही. दोघांचा पूर्वज तिसराच, आणि तो संस्कृतही नव्हे नि लॅटिनही नव्हे. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतच्या महाकोशाचं काम चालू आहे. सुमारे १,५०० ग्रंथांतून शब्द वेचून चिठ्ठ्या केल्या आणि पहिला भाग हातात आला १९७६ साली. व्युत्पत्ती सांगायला असा धीर लागतो, पुढे पाठवायला अंगठा पुरतो.

पण मला खरं खुणावतं ते वेगळंच. ॲक्यूटचा पहिला ‘ॲ’ गेला कुठे?

इंग्रजीत जोर ‘क्यूट’वर आहे. पहिलं अक्षर हलकं, ओझरतं. भरभर बोलताना ते गिळलं जातं. ‘एस्क्वायर’चा ‘स्क्वायर’ झाला, ‘अलोन’चा ‘लोन’ झाला, तो असाच. ऑक्सफर्डच्या महाकोशाचे संपादक जेम्स मरे यांनी १८८० साली या प्रकाराला ‘ॲफेसिस’ हे नाव दिलं. आपण आद्य स्वरलोप म्हणू. नाव उशिरा मिळालं, एवढंच. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात सूत्रच घातलं आहे की ‘अलाबु’ आणि ‘अरण्य’ यांतला पहिला ‘अ’ विकल्पाने लुप्त होतो. अलाबु म्हणजे भोपळा. तो ‘लाउ’ झाला, आणि हिंदीतली लौकी त्याच वेलावरची. अरण्याचं ‘रण्ण’ झालं, आणि रण्णाचं आपलं रान.

इथे जरा थांबा. अरण्यात ‘ण’ आहे, मग रानात ‘न’ कसा? प्राकृतात दोन स्वरांमधला एकटा ‘न’ ‘ण’ झाला आणि मराठीने तो तसाच ठेवला : पानीयचं पाणी, मनुष्याचा माणूस. पण जोडीतला ‘ण्ण’ मराठीत एकटा पडताना ‘न’ होतो, आणि गेलेल्या जोडीदाराची भरपाई म्हणून आधीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ होतो. कर्ण, कण्ण, कान. पर्ण, पण्ण, पान. अरण्य, रण्ण, रान. तीन शब्द, एकच साचा. फक्त तिसऱ्याने वाटेत डोकं गमावलं, कारण ‘रण्’ हे अक्षर जोडाक्षरामुळे जड होतं आणि आघात तिकडे ओढला गेला, असं समजतात.

एकदा हे दिसलं की बिनडोक शब्द जिथे तिथे दिसू लागतात. विहिरीवरचा रहाट म्हणजे ‘अरघट्ट’ : ‘अ’ गळला, ‘घ’चा ‘ह’ झाला, ‘ट्ट’ने आधीचा स्वर लांबवला. केस धुवायचा रिठा म्हणजे ‘अरिष्ट’. पायातली वहाण म्हणजे ‘उपानह्’, तिच्यात ‘न’ आणि ‘ह’ यांनी जागाही बदलल्या. अभंगांतलं ‘बैसणे’ आणि आपलं ‘बसणे’ म्हणजे ‘उपविशति’.

डोकं गेलेला शब्द मूळ शब्दापासून वेगळा संसार थाटतो, हे आणखी एक. ॲक्यूट दवाखान्यात राहिला, क्यूट तुळशीबागेत आला. अरण्यात ऋषी राहतात. आणि पुणे जिल्ह्यातल्या गावात ‘धनी रानात गेलेत’ असं कोणी सांगितलं, तर ते कांदा लावायला गेलेले असतात.

मी गटावर हे सगळं लिहिलं. उत्तर आलं, ‘छान माहिती’, आणि पाठोपाठ ‘हँडसम’वरचा नवा मजकूर. दुसऱ्या दिवशी मंडईत वांगी घेत होतो. भाव ऐकून मी कुरकुरलो, तर मावशी म्हणाल्या, “दादा, लेक्शन होऊ द्या, मग बघू.” ‘इलेक्शन’मध्येही जोर दुसऱ्या अक्षरावर आहे. पहिला ‘इ’ त्यांनी कधीच सोडून दिला होता.