कुरकुर खालच्या पट्टीत, किरकिर वरच्या

कुरकुर करू नका, त्या शब्दात निगेटिव्ह कंपनं असतात आणि ती शरीरात साठतात, असले फॉरवर्ड अधूनमधून येतच असतात. साठत वगैरे काही नाही. कंपनं असतात हे खरं, पण ती हवेची, आणि हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती, अशी चक्क मोजता येतात, आणि खरी गंमत तिथेच आहे.

कुरकुर कोण करतं? नव्या चपला, जुना जिना, आणि काम गळ्यात पडलेला माणूस, म्हणजे काम करतो पण तोंडातल्या तोंडात बोलत. किरकिर मात्र तान्ह्या पोराची नाहीतर रातकिड्यांची, कानात घुसणारी. क तोच, र तोच, फक्त उ चा इ झाला, मग एवढा फरक कसा पडला?

एक करून बघा. गळ्यातून आवाज न काढता नुसतं कुजबुजत उ, ओ, आ, ए, इ म्हणा. सूर चढत गेल्यासारखा वाटेल. स्वरतंतू तर कंपतच नाहीयेत, मग चढतंय काय? तर तोंडातल्या पोकळीचा अनुनाद, म्हणजे आतली हवा ज्या सुरात घुमते तो. इ म्हणताना जीभ पुढे आणि वर जाते, तिच्यापुढे हवेला जागा अगदी थोडी उरते, आणि बाटली भरत आली की आवाज बारीक होतो तसंच इथे होतं. उ ला जीभ मागे आणि ओठांचा चंबू, म्हणून पुढची पोकळी मोठी. या अनुनादांना फॉर्मंट म्हणतात, आणि खालच्या सुरापासून वर पहिला, दुसरा असे ते मोजतात. १९५२ साली पीटरसन आणि बार्नी या संशोधकांनी इंग्रजी बोलणाऱ्यांचे स्वर मोजले, त्यात पुरुषांच्या ई चा दुसरा फॉर्मंट सरासरी २२९० हर्ट्झ आला आणि ऊ चा ८७०. पहिला दोन्हींचा जवळपास सारखाच, २७० आणि ३००, म्हणजे सगळा खेळ दुसऱ्याचा.

र चं काम वेगळं, जीभ टाळूला टेकून लगेच सुटते, आवाज क्षणभर तुटतो, म्हणून खरखर. वर सगळं दोनदा, कारण रडगाणं एकदा गाऊन कोण थांबतं! अरबीत 'तक्रार'चा मूळ अर्थच पुन्हा पुन्हा करणं असा आहे.

पण लगेच प्रत्येक अक्षराला अर्थ चिकटवत बसू नका. इ म्हणजे बारीक म्हणावं तर 'गिरी' म्हणजे डोंगर, आणि 'कटकट'मध्ये इ, उ, र यातलं काहीच नाही, तरी डोकं उठतंच.