बास्केटबॉलचे बूट

बास्केटबॉलचे बूट : बास्केटबॉल खेळताना घालावयाचे, रबरी तळाचे व विशिष्ट बांधणीचे पादत्राण. धावणे, एकाएकी थांबणे, एका पायावर वळणे, आडवे सरकणे, उडी मारणे आणि पुन्हा जमिनीवर उतरणे या हालचाली खेळाडू काही सेकंदांत आलटूनपालटून करतो. त्यांपैकी सरळ धावणे एवढी एकच हालचाल धावण्यासाठी बनवलेल्या सर्वसाधारण बुटाला मानवते. उच्च कार्यक्षमतेचा बूट ही संज्ञा बाजारात बरीच सैलपणे वापरली जाते आणि जुन्या खेळबुटांच्या शोभेच्या आवृत्त्यांनाही ती लावली जाते. प्रस्तुत नोंदीत मैदानावरील या हालचालींना अनुसरून बांधलेला बूट एवढाच तिचा अर्थ घेतला आहे.

उगम व आद्यत्वाचा वाद : जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड (मॅसॅचूसेट्स) येथे हा खेळ सुरू केला, तेव्हा त्यासाठी निराळे बूट नव्हते. विद्यार्थी व्यायामशाळेतील नेहमीच्या हलक्या पादत्राणांतच खेळले असावेत. तथापि अशा बुटाची गरज खेळाच्या मूळ तेरा नियमांतच होती. तिसऱ्या नियमाप्रमाणे चेंडू घेऊन धावण्यास मनाई होती आणि जेथे तो झेलला तेथूनच फेकावा लागे. वेगात असताना चेंडू झेलणाऱ्याला थोडी सवलत मिळे, पण तो थांबण्याचा प्रयत्न करीत असेल तरच. म्हणजे लाकडी जमिनीवर चटकन थांबता येणे ही नियम पाळण्याचीच अट होती. या बुटाचा इतिहास बहुधा उडीच्या अंगाने सांगितला जातो. तो थांबण्याच्या अंगाने सांगणे अधिक सयुक्तिक वाटते.

पहिला बास्केटबॉल बूट कोणाचा, याविषयी एकवाक्यता नाही. लोकप्रिय लेखनात हा मान कॉन्व्हर्स कंपनीच्या ‘ऑल स्टार’ला दिला जातो आणि त्याचे वर्ष १९१७ सांगितले जाते. ही कंपनी मार्क्विस मिल्स कॉन्व्हर्स यांनी १९०८ मध्ये माल्डन (मॅसॅचूसेट्स) येथे स्थापन केली. प्रारंभी तेथे पावसाळी व हिवाळी रबरी पादत्राणे बनत. परंतु क्रीडासाहित्याचे व्यापारी स्पॉल्डिंग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच या खेळासाठी म्हणून रबरी तळाचे बूट विक्रीस ठेवले होते. त्यांच्या तळावरील खोलगट रचनेला जाहिरातींत जमीन ‘शोषून धरणारा’ तळ असे म्हटलेले असे. त्यांचा आरंभ नेमका कोणत्या वर्षी झाला याविषयी निरनिराळी वर्षे दिली जातात. काळाच्या दृष्टीने स्पॉल्डिंगचा दावा अधिक ग्राह्य ठरतो. कॉन्व्हर्सचे श्रेय हा बूट सर्वत्र पोचवण्यात आहे. त्यातही मोठा वाटा चक टेलर या खेळाडू-विक्रेत्याचा होता. तो १९२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कंपनीत आला आणि गावोगावी खेळाचे धडे देत बूट विकू लागला. त्याची सही बुटाच्या घोट्यावरील वर्तुळात केव्हा आली, याबद्दलही १९३२ आणि १९३४ अशी दोन वर्षे आढळतात. कापडाचा वरचा भाग आणि त्याला चिकटवलेला रबरी तळ असलेले हे दोन्ही बूट शक्य झाले, ते चार्ल्स गुडइयर यांनी १८४४ मध्ये पेटंट घेतलेल्या, रबराच्या व्हल्कनीकरण-प्रक्रियेमुळे (रबर गंधकासह तापवण्याच्या कृतीमुळे). कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होई. हा दोष या प्रक्रियेने गेला.

कॅनव्हासची सद्दी १९६० नंतर ओसरू लागली. आदिदासचा चामडी ‘सुपरस्टार’ साधारणतः १९६९ चा मानतात. करीम अब्दुल-जब्बार या खेळाडूमुळे तो प्रसिद्धीस आला. वॉल्ट फ्रेझियर या खेळाडूच्या टोपणनावाचा पूमाचा ‘क्लाइड’ १९७३ मध्ये निघाला. ब्रूस किलगोर यांनी आरेखित केलेल्या नायकीच्या ‘एअर फोर्स वन’मध्ये (१९८२) बंदिस्त वायूची पिशवी प्रथमच बास्केटबॉलच्या बुटात आली. खेळाडू मायकेल जॉर्डन यांच्या नावाच्या नायकीच्या मालिकेतील, टिंकर हॅटफील्ड यांनी आरेखित केलेल्या अकराव्या ‘एअर जॉर्डन’मध्ये (१९९५) तळात कार्बन तंतूंची पट्टी बसवलेली होती. त्याच वर्षी शेरिल स्वूप्स यांच्या नावाचा बूट निघाला. स्त्री खेळाडूच्या नावाने निघालेला हा पहिला महत्त्वाचा बास्केटबॉल बूट होय. त्यापूर्वी स्त्रियांचे बूट बहुतेक वेळा पुरुषांच्याच फर्म्यावरून (बूट ज्यावर ओढून तयार होतो त्या ठोकळ्यावरून) लहान करून काढले जात. चवड्याच्या मानाने टाच अरुंद असलेल्या पायात असा बूट मागे ढिला पडतो.

पकड : बुटाच्या सर्व गुणांत जमिनीवरील पकडीला पहिले स्थान द्यावे लागते. कॅल्गरी विद्यापीठातील प्रयोगांत बुटाचे वजन, चवड्याखालील ताठरपणा आणि पकड हे तीन घटक वेगवेगळे बदलून खेळाडूंच्या हालचाली मोजण्यात आल्या. त्यांत सर्व हालचालींवर परिणाम करणारा घटक पकड हाच ठरला. वजनाबाबत तेथेच झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगाचा निष्कर्ष काहीसा गमतीचा आहे. बूट हलका आहे हे ज्यांना ठाऊक होते त्यांची उडी सुधारली. ज्यांना ते सांगितले नव्हते त्यांच्यात फरक दिसला नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यावर छापलेल्या वजनाच्या आकड्याला किती महत्त्व द्यावे, हे यावरून उमजते.

पकड दोन गोष्टींवर अवलंबून असते : रबराचा मऊपणा आणि त्यावरील नक्षी. आडव्या व तिरक्या दोन्ही दिशांना कडा देणारी, नागमोडी ओळींची ‘हेरिंगबोन’ नक्षी आजही सर्वाधिक भरवशाची मानली जाते. प्रत्येक ओळ दर काही मिलिमीटरांवर दिशा बदलत असल्याने पाऊल कोणत्याही बाजूस सरकू लागले, तरी एखादी कड त्याला आडवी येतेच. मऊ रबर स्वच्छ लाकडी जमिनीवर उत्तम धरते, पण धूळही तितक्याच तत्परतेने उचलते. पारदर्शक रबराबद्दल ही तक्रार विशेष ऐकू येते. सामना चालू असताना खेळाडू एक पाय उचलून तळहाताने बुटाचा तळ पुसतो, ते याचमुळे. डांबरी किंवा सिमेंटच्या मैदानावर मऊ रबराच्या कडा लवकर घासून जातात. तेथे कठीण रबराचा, खोल खाचांचा तळ घ्यावा आणि लाकडी जमिनीवर त्याची पकड थोडी कमी असेल हे धरून चालावे. पकड एका मर्यादेपलीकडे वाढली तरी वेगात भर पडत नाही. उलट पाऊल रोवलेले असताना शरीर वळले, तर सगळा पीळ गुडघ्यावर व घोट्यावर येतो.

मधला तळ : पाय व रबर यांच्यामधील फेसाच्या थराला मिडसोल म्हणतात. उडीनंतर उतरताना जमिनीचा प्रतिबल शरीराच्या वजनाच्या अनेक पट असतो. चेंडू बास्केटात टाकून परतणाऱ्या खेळाडूंच्या काही मोजमापांत तो आठ-नऊ पटींपर्यंत गेलेला आढळतो. एका काळी हा थर बहुधा ईव्हीएचा (इथिलीन-व्हिनाइल ॲसिटेट या प्लास्टिकच्या हलक्या फेसाचा) किंवा पॉलियुरेथेनचा असे. फुगवलेल्या थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनच्या मण्यांपासून केलेला, बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीच्या सहकार्याने बनलेला आदिदासचा ‘बूस्ट’ फेस २०१३ मध्ये धावण्याच्या बुटांत आला आणि तेथून बास्केटबॉलकडे वळला. त्यानंतर पेबा या लवचिक प्लास्टिकच्या जातीचे अधिक हलके व उसळीचे फेस आले. खेळाडू स्टेफन करी यांच्या नावाच्या २०२० मधील बुटात तर वेगळा रबरी तळच काढून टाकला होता आणि फेसाकडूनच पकडीचे काम घेतले होते.

जाड व मऊ मिडसोल दुकानात सुखावह वाटतो, पण पाय जितका उंच आणि आधार जितका मऊ, तितका आडव्या हालचालीत घोटा कलंडण्याचा धोका अधिक. म्हणून चवड्याच्या बाहेरच्या कडेला तळ किंचित रुंद केलेला असतो आणि मध्यभागी पीळ रोखणारी प्लास्टिकची, नायलॉनची अथवा कार्बनची पट्टी घातलेली असते. बूट दोन्ही हातांत धरून वाकवला असता तो चवड्याच्या रेषेवर वाकावा, मध्यावर मोडू नये. टॉवेल पिळावा तसा पिळला असता त्याने विरोध करावा. टाचेची वाटी अंगठ्याने दाबली असता ती सहज आत जाऊ नये. उंच व जड खेळाडूला अधिक दाट फेस लागतो. हलक्या खेळाडूला तोच फेस दगडासारखा वाटतो. खेळाडूच्या जागेपेक्षा त्याचे वजन व खेळण्याची रीत पाहून फेस निवडणे बरे.

घोट्याचे संरक्षण : घोटा मुरगळणे ही या खेळातील सर्वांत नित्याची दुखापत असून पाऊल आत वळून घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात. उंच गळ्याचा बूट ही दुखापत टाळतो, हा समज बुटाइतकाच जुना आहे. १९७३ च्या एका अमेरिकी अभ्यासात पट्टी बांधणे व उंच बूट यांचा एकत्रित लाभ दिसला होता. १९९३ मध्ये मात्र महाविद्यालयीन खेळाडूंची चिठ्ठीपद्धतीने विभागणी करून उंच, हवेच्या पिशव्या असलेले उंच आणि आखूड असे तीन प्रकारचे बूट देण्यात आले. एकूण १५ दुखापती झाल्या (अनुक्रमे ७, ४ व ४) आणि गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. पंधरा ही संख्या फार लहान असल्याने या अभ्यासाने उंच बूट निरुपयोगी ठरवला असे म्हणता येत नाही. तो आपोआप संरक्षण देतो, एवढा दावा मात्र दुबळा झाला. ऑस्ट्रेलियातील २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दहा हजारांहून अधिक सहभागांवर आधारलेल्या पाहणीत घोट्याच्या सुमारे ४५ टक्के दुखापती उडीवरून उतरताना झाल्याचे दिसले. तेथे पूर्वी घोटा दुखावलेल्यांना धोका जवळजवळ पाचपट होता. टाचेत हवेच्या पिशव्या असलेले बूट घालणाऱ्यांत तो ४.३ पट आढळला. या शेवटच्या आकड्याला सर्व उत्तरकालीन अभ्यासांनी दुजोरा दिलेला नाही. शालेय खेळाडूंवरील २०११ च्या मोठ्या चाचणीत लेसने आवळायच्या घोटापट्ट्यांनी दुखापतींचे प्रमाण स्पष्टपणे घटले. ज्याचा घोटा एकदा दुखावला आहे, त्याने उंच बुटापेक्षा अशा पट्टीवर व घोट्याच्या व्यायामावर भिस्त ठेवणे अधिक सयुक्तिक होय.

व्यावसायिक खेळाडूही आखूड बुटांकडे वळले, ते मुख्यतः खेळाडू कोबी ब्रायंट यांच्या नावाने निघालेल्या चौथ्या बुटानंतर (२००८). फुटबॉलपटू आखूड बुटांत याहून तीव्र वळणे घेतात, असा ब्रायंट यांचा युक्तिवाद होता आणि आरेखक एरिक अव्हार यांनी तो प्रत्यक्षात आणला.

माप व बसणे : बूट ज्या ठोकळ्यावर ओढून तयार होतो त्याला कारागीर फर्मा म्हणतात. एकाच क्रमांकाचे दोन बूट वेगळे बसतात, ते फर्मा वेगळा असल्यामुळे. ब्रिटिश व अमेरिकी क्रमांकांत एका पूर्ण मापाचा फरक एकतृतीयांश इंच (८.४७ मिमी.) असतो, तर युरोपीय क्रमांकांत दोनतृतीयांश सेंमी. (६.६७ मिमी.). त्यामुळे तक्त्यातील बरोबरी ही जवळपासची बरोबरी असते. सेंटिमीटरमधील माप अधिक विश्वसनीय. चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२० च्या दशकात तयार केलेले पाय मोजण्याचे साधन टाच ते बोट आणि टाच ते चवडा अशा दोन लांब्या देते. यांतील दुसरीकडे सहसा दुर्लक्ष होते. ती जुळली नाही, तर बूट चवड्याच्या रेषेवर न वाकता भलतीकडे वाकतो.

दिवसअखेर पाय किंचित फुगलेले असतात. तेव्हा, खेळताना घालावयाच्या जाड मोज्यांसह, उभे राहून दोन्ही पाय मोजावेत आणि मोठ्या पायाचे माप धरावे. टाच मागे टेकल्यावर सर्वांत लांब बोटापुढे (ते अंगठाच असेल असे नाही) सुमारे एक सेंमी. जागा राहावी. लेस आवळून दोन्ही बाजूंना झटकन सरकून पाहावे. तळ जमिनीवर घट्ट राहिला, पण पाऊलच आत घसरून कडेवर चढले, तर उत्तम पकडीचाही उपयोग नाही. टाच उचलली जात असल्यास लेस शेवटच्या दोन भोकांतून फास करून आवळावी. तरीही उचलली गेल्यास तो बूट सोडून द्यावा.

टिकाऊपणा : वरचा भाग व तळ यांचा जोड हा बुटाचा नाजूक भाग होय. २० फेब्रुवारी २०१९ रोजी ड्यूक व नॉर्थ कॅरोलिना या विद्यापीठांच्या सामन्यात, पहिल्याच मिनिटात, सुमारे १२९ किग्रॅ. वजनाच्या झायन विल्यमसन यांचा डावा बूट वळताना फाटून पाऊल बाहेर आले आणि त्यांचा गुडघा दुखावला. एरवी ईव्हीए फेस वापराने दबून राहतो आणि त्याची उसळी रबर झिजण्याआधीच जाते. मिडसोलच्या कडेवर आडव्या सुरकुत्या कायमच्या उमटल्या की तो थकला असे समजावे. पॉलियुरेथेनचे तळ हवेतील बाष्पाने विघटित होतात. वर्षानुवर्षे खोक्यात जपलेला बूट पहिल्याच दिवशी भुगा होऊन पडतो, ते यामुळे.

नियम : आंतरराष्ट्रीय संघटनेच्या (फिबा) नियमांनुसार बूट कोणत्याही रंगांचे चालतात, पण डावा व उजवा सारखे असावे लागतात, चमकणारे दिवे, प्रकाश परावर्तित करणारे भाग व इतर सजावट यांना मनाई आहे. अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेने रंगांवरील बंधने २०१८-१९ च्या हंगामापासून सैल केली. मायकेल जॉर्डन यांच्या पहिल्या ‘एअर जॉर्डन’वर रंगामुळे बंदी आली, ही प्रसिद्ध कथा जाहिरातीने रुजवलेली आहे. बंदीचे पत्र त्यापूर्वीच्या ‘एअर शिप’ या बुटाविषयी असावे, हे मत आता अधिक मान्य आहे. बुटाच्या गुणावरून घातलेली बंदी ऑक्टोबर २०१० मधली आहे. चवड्याखाली स्प्रिंगसारखी यंत्रणा असलेला ‘कॉन्सेप्ट वन’ हा बूट उडी वाढवून गैरवाजवी लाभ देतो, असे कारण देऊन एनबीएने तो सामन्यांत घालण्यास मनाई केली.